इंदूरच्या रामबागेतील फ्लाय फिशिंगचे दुकान आणि तिथली शनिवारची बैठक

इंदूरमध्ये राहून फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर पिसे आणि धागे बांधून केलेल्या नकली किड्याने (फ्लायने) मासे पकडणे, शिकायचे ठरवले तर साहित्य घरबसल्या मागवता येते आणि कास्टिंगच्या (फ्लाय फेकण्याच्या) चित्रफितीही हव्या तेवढ्या पाहता येतात. पाण्याकाठी कसे वागावे हे सांगणारी, चुकले तर न हिणवता दुरुस्त करणारी आणि नवख्या माणसाला आपल्या शेजारी बसवून घेणारी माणसे मात्र अशी मागवता येत नाहीत. रामबागेच्या एका आतल्या गल्लीतल्या मासेमारीच्या जुन्या दुकानात ती भेटतात, आणि म्हणूनच या दुकानाविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. दुकानाच्या पाटीवर ‘मासेमारीचे साहित्य’ एवढेच लिहिलेले आहे. दर्शनी भागात जाळी, नायलॉनचा दोर, शिशाची वजने आणि डझनावारी मिळणारे गळ असतात. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे नर्मदेकाठचे आणि धरणांवरचे व्यावसायिक मासेमार. फ्लाय फिशिंगचे कपाट आतल्या खोलीत आहे आणि त्याच खोलीत दर शनिवारी संध्याकाळी फ्लाय बांधण्याची बैठक भरते.

आधी साहित्याविषयी. नवशिक्यांसाठी इथे नऊ फुटांचा, चार तुकड्यांत सुटा होणारा पाच नंबरचा रॉड, साधे रीळ आणि लाइन (फेकायचा दोर) असा संच ठेवलेला असतो. मला तो साडेआठ हजार रुपयांना मिळाला. रॉड मधल्या भागात थोडा मऊ आहे, त्यामुळे मागे गेलेली लाइन पूर्ण ताणली गेली की नाही हे शिकाऊ हाताला लवकर कळते, आणि सुरुवातीला तेच हवे असते. रीळ कामचलाऊ आहे. संचातली लाइन मात्र मला पसंत पडली नाही. इतर गळमासेमारीत जड आमिष किंवा शिसे फेकले जाते आणि दोर त्याच्या मागोमाग जातो. इथे पिसांची आणि धाग्यांची फ्लाय इतकी हलकी असते की खरे तर फेकली जाते ती लाइनच. पाच नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे प्रमाणित वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम असते, आणि सगळे कौशल्य या ९ ग्रॅमना हवेत सरळ उलगडण्यात आहे. रिळावरून सुटल्यावरही वेटोळी सोडत नाही अशी लाइन असेल तर चांगला हातसुद्धा निरुपाय होतो. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, त्यांनी विकतानाच मला हे सांगून टाकले होते. “ताई, रॉड हाच राहू द्या. पुढे पैसे खर्च करावेसे वाटले तर आधी लाइन बदला, रॉडचा विचार नंतर करा,” असे ते म्हणाले. शेजारच्या खणात याच्या तिप्पट किमतीचे रॉड होते. त्यांच्याकडे त्यांनी बोटही दाखवले नाही.

टिपेटच्या बाबतीत थोडे सावध राहावे. लाइनच्या शेवटी जोडायचा हा बारीक नायलॉनचा धागा ऊन आणि उष्णता लागून कमजोर होतो, आणि दुकानाच्या दर्शनी काचेत टांगलेल्या रिळांवर दुपारचे ऊन सरळ पडते. आतल्या कपाटातले रीळ मागितले तर काका लगेच काढून देतात, पण मागावे लागते.

आता बैठकीविषयी, कारण या दुकानाचे खरे मोल तिच्यात आहे. एका लांब टेबलाला पाच व्हाइस (बांधताना गळ घट्ट धरणारे शिकंजे) बसवलेले आहेत, प्रत्येकावर स्वतंत्र दिवा आहे आणि धागे, पिसे, गळ सगळे दुकानाचे. जेवढे वापरले तेवढ्याचे पैसे टेबलाच्या कडेला ठेवलेल्या डब्यात आपणहून टाकायचे असतात. कोणी हिशेब विचारत नाही. नवा माणूस आला की त्याला कोपऱ्यात पाहत बसवत नाहीत. सगळ्यांत अनुभवी व्यक्तीच्या शेजारची खुर्ची त्याला मिळते आणि पहिल्याच संध्याकाळी त्याच्या हातात बॉबिन (धाग्याचे रीळ धरणारे हत्यार) दिली जाते. बैठकीत निवृत्त शिक्षिका आहेत, औषधांचे दुकान चालवणारे आहेत, महाविद्यालयातली मुले आहेत. मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात मिसळते, तसे इंदूरमध्ये सगळीकडेच होते. पण वयाने लहान असलेल्यालाही इथे अहो-जाहोच करतात आणि ते कृत्रिम वाटत नाही.

एका संध्याकाळी ग्वाल्हेरहून इथे शिकायला आलेला एक तरुण मोरपिसाच्या अंगाची फ्लाय बांधत होता. मोरपिसाचे तंतू पाण्यात हिरवट सोनेरी चमकतात आणि किड्याच्या अंगासारखे दिसतात, म्हणून जगभरच्या कितीतरी जुन्या फ्लायमध्ये ते वापरले जातात. पण ते फार नाजूक असतात, आणि नुसते गुंडाळले तर ट्राउट माशाच्या बारीक दातांनी लगेच तुटतात. त्यासाठी तीन-चार तंतू धाग्याबरोबर पीळ देऊन एकत्र करायचे आणि मगच गळाच्या दांड्यावर मागून पुढे, डोळ्याच्या (धागा ओवायच्या छिद्राच्या) दिशेने, वेढे द्यायचे. त्या तरुणाचा धागा पीळ देतानाच पुन्हा पुन्हा तुटत होता. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी त्याच्या हातातून काही काढून घेतले नाही. आपले काम थांबवून त्यांनी खुर्ची जरा जवळ ओढली आणि म्हणाल्या, “अहो, धागा बोटांनी ओढू नका. बॉबिन सोडून द्या, तिच्या वजनानेच तो ताणलेला राहतो.” त्याने बॉबिन सोडली, ती गळाखाली लोंबत राहिली, आणि पुढचा वेढा बसला. फ्लाय पूर्ण झाल्यावर बाईंनी ती त्याच्याकडे मागितली आणि आपल्या डबीत स्वतःच्या फ्लायच्या रांगेत लावली. एकमेकांना फ्लाय देणे ही या छंदाची जुनी रीत आहे. नदीकाठी भेटलेल्या अनोळखी माणसालाही, त्याच्या गळाला मासा लागत नसेल तर, आपल्या डबीतली चालणारी फ्लाय काढून द्यायची असते, आणि ती घेणाऱ्याने पैशांची गोष्ट काढायची नसते.

पिसांच्या बाबतीत दुकान काटेकोर आहे, आणि मला ते फार आवडले. मोरपिसे आपोआप गळलेलीच घेतली जातात. विकायला आणणाऱ्याला ती कुठून आणि कशी मिळाली हे विचारले जाते आणि दांड्याचे बूड तपासले जाते, कारण उपटलेल्या पिसाच्या बुडाशी रक्ताचा डाग राहू शकतो. राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसे इथे मिळत नाहीत. लाखेच्या थेंबासारखा चमकदार ठिपका असलेले ते पीस सामन (सॅल्मन) माशासाठीच्या विलायती फ्लायमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आणि त्यापायी आपल्याकडच्या या पक्ष्याची बेसुमार शिकार झाली. आज तो कायद्याने संरक्षित आहे. कोणी आग्रह धरला तर काका पाळीव कोंबड्याच्या पिसावर ठिपका रंगवून कसा काढायचा ते दाखवतात आणि विषय संपवतात.

बैठकीत लिहून लावलेला एकही नियम नाही, तरी काही गोष्टी सगळे पाळतात. विचारल्याशिवाय कोणी कोणाच्या फ्लायवर मत देत नाही. रॉड कोणत्या कंपनीचा आणि किती महागाचा, यावर बोलणे रंगत नाही. कोणी छायाचित्र दाखवले आणि त्यात मासा कोरड्या हातांनी उंच धरलेला असेल, तर तिथल्या तिथे सगळ्यांसमोर टोकत नाहीत. नंतर कोणीतरी त्या माणसाला बाजूला घेऊन सांगतो की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला बुरशी आणि जंतूंपासून वाचवतो, कोरड्या हाताने तो निघून जातो, म्हणून हात आधी ओले करावेत, मासा शक्यतो पाण्यातच ठेवावा, आणि उचललाच तर श्वास दोन-तीनदा घेण्याइतक्या वेळात परत सोडावा. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला करून, कल्ले हलू लागेपर्यंत हलका आधार द्यावा. सोडून द्यायच्या मासेमारीसाठी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला असावा, हे तर इथे गृहीतच असते. दुकानातून घेतलेला गळ काका विचारून दाबूनच देतात.

आणखी एक संकेत नवख्या माणसाला आधी खटकतो. फ्लाय कोणती, टिपेट किती बारीक, दिवसाची कोणती वेळ, फ्लाय पृष्ठभागावर ठेवली की बुडवली, हे सगळे विचारले तर मोकळेपणाने सांगतात. नेमकी जागा मात्र सांगत नाहीत. मला हे योग्य वाटते. लहान ओढ्याचे किंवा धरणाच्या एखाद्या कोपऱ्याचे नाव एकदा सर्वतोमुखी झाले की महिन्याभरात तिथे गर्दी, प्लास्टिक आणि तुटलेल्या नायलॉनचे गुंते दिसू लागतात. ज्याने स्वतः पायपीट करून जागा शोधली तो तिला जपतो. मात्र नवख्या माणसाला एकटे सोडत नाहीत. त्याला एकदा बरोबर नेतात आणि तिथली वाट, शेतमालक आणि परवानगीचा माणूस दाखवून देतात, पुढे तो स्वतःच्या जबाबदारीवर जातो.

रविवारी सकाळी एका मैदानावर कास्टिंगचा सराव असतो. गळाऐवजी लीडरच्या (लाइनच्या पुढे जोडलेल्या निमुळत्या धाग्याच्या) टोकाला लोकरीचा रंगीत तुकडा बांधतात, त्यामुळे कोणाला इजा होत नाही आणि फेक कुठे पडली ते गवतावर स्पष्ट दिसते. शिकवण्याची पद्धत शांत आहे. रॉड मागे नेऊन थांबायचे, मागची लाइन सरळ होईपर्यंत वाट पाहायची आणि मगच पुढे आणायचा. ही वाट पाहणेच सगळ्यांना जड जाते, म्हणून शिकवणारे सुरुवातीला मान वळवून मागे बघायलाच लावतात. मागे बघण्याची ही सवय पुढे पाण्याकाठीही उपयोगी पडते, कारण मागून कोणी जात असेल तर कास्ट थांबवायची असते आणि जाणाऱ्यानेही रॉडच्या टप्प्याबाहेरून, आवाज देऊन जायचे असते. टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय कोणाला रॉड हातात देत नाहीत. सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा जवळ आले की सगळ्या लाइन गवतावर खाली येतात.

पाण्यावरचे वागणे मात्र मैदानावर शिकता येत नाही, आणि चोरल धरणाच्या बाजूला नेलेल्या सहलीत मला ते जवळून पाहायला मिळाले. आधी आलेल्याचे पाणी त्याचे, हा पहिला नियम. तो जिथे उभा आहे तेवढेच पाणी त्याचे नसते. तो ज्या दिशेने पुढे सरकत आहे तिकडचा पुढचा टप्पाही त्याचाच असतो, म्हणून त्याच्या पुढे जाऊन उतरणे हा उघड उद्धटपणा समजतात. काठावर थांबून आधी विचारायचे, “आपण वर जाणार की खाली?” आणि मग उलट्या बाजूला, दूरवर जायचे. पाण्याजवळून जाताना काठापासून लांबून चालायचे, कारण सावली आणि पावलांची थाप दोन्ही माशाला कळतात. शेजाऱ्याला मासा लागला तर आपली लाइन ताबडतोब गुंडाळून त्याला वाट मोकळी करून द्यायची.

हे संकेत इथे जन्मलेले नाहीत, आणि बैठकीतली जाणती मंडळी ते कुठून आले हेही सांगतात. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापल्या गेलेल्या गळमासेमारीवरील ग्रंथातच सांगितले आहे की गरिबाच्या मालकीच्या पाण्यात विनापरवानगी गळ टाकू नये, उघडलेले फाटक परत लावावे आणि हावरेपणाने फार मासे घेऊ नयेत. अटलांटिक सामनच्या नद्यांवर आजही अनेक ठिकाणी डोहाच्या वरच्या टोकाला रांगेत उभे राहतात. एक फेक करायची, एक-दोन पावले खाली सरकायचे, आणि मासा लागला की तो सोडून पुन्हा रांगेच्या शेवटी जायचे, अशाने चांगली जागा कोणा एकाच्या मालकीची होत नाही. न्यूझीलंडमध्ये दक्षिण बेटावरच्या नद्यांत २००४ साली डिडिमो नावाचे उपद्रवी शेवाळ सापडले, आणि ते बुटांच्या नमद्याच्या तळव्यांतून एका नदीतून दुसरीत जाऊ नये म्हणून २००८ मध्ये तसे तळवेच बंद करण्यात आले. चोरलहून परतताना आमचे बूट आणि जाळ्या काठावरच धुवून, उलट्या करून वाळवल्या, ते याच कारणाने. आपल्याकडे जलपर्णीचा एक कोंब दुसऱ्या तळ्यात गेला तर काय होते हे माळव्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

मात्र उसन्या नियमांवर ही मंडळी थांबलेली नाहीत, आणि मला त्यांचे सर्वाधिक कौतुक इथे वाटते. इथला मुख्य मासा ट्राउट नाही. ट्राउटसाठी हिमाचलात जावे लागते, तिथे परवाना काढावा लागतो आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ते पाणी बंद असते. इथल्या धरणांत फ्लायला येतो तो मुख्यतः मरळ. मरळीची जोडी आपल्या पिल्लांची राखण करते; पिल्लांचा लालसर घोळका पाण्याच्या पृष्ठभागावर उकळी फुटल्यासारखा हलताना दिसतो आणि आई-बाप त्याच्या खालीच असतात. त्या वेळी घोळक्यावर फ्लाय टाकली तर राखणदार हमखास झडप घालतो, म्हणूनच हे पाणी वर्ज्य मानले जाते: पालक ओढून घेतला की काही मिनिटांत इतर मासे पिल्ले फस्त करतात. मी होते त्या सहलीत असा घोळका दिसताच पुढचा माणूस हात वर करून थांबला, मागच्यांनी लाइन आवरल्या आणि सगळेजण वळसा घालून पुढच्या खाडीकडे गेले. एक शब्दही बोलावा लागला नाही.

दुसरा मासा महाशीर, म्हणजे नर्मदेतला बाडस. मध्य प्रदेशाने २०११ साली त्याला राज्यमासा घोषित केले. त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि अंडी घालायला वाळू-गोट्यांचा तळ लागतो, आणि पावसाळ्यात तो अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या वर चढतो. धरणांच्या साखळीने नर्मदेचे मोठमोठे पट्टे संथ जलाशय झाले आणि ही वाट तुटली. दुकान त्यामुळे महाशीरसाठी सहल नेत नाही. कितीही पैसे देऊ केले तरी काका नकारच देतात, आणि कोणाच्या गळाला तो चुकून लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडायचा, छायाचित्र घ्यायचे नाही, हे आधीच बजावतात.

व्यावसायिक मासेमारांशी असलेले वागणे हाही शिकण्यासारखा भाग आहे. इथले बरेचसे जलाशय मच्छीमार सहकारी समित्यांकडे ठेक्याने असतात. छंद म्हणून जाणाऱ्याने समितीची परवानगी घ्यायची, जाळी लावलेल्या पट्ट्यापासून लांब राहायचे आणि त्यांच्या नावेला वाट द्यायची. दुकानाच्या पुढच्या भागात जाळी घ्यायला येणाऱ्या मासेमारांना काका शनिवारी आतल्या खोलीतही बोलावतात. पाणी कुठे उतरले, मासा कोणत्या बाजूला सरकला, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते, आणि टेबलाशी त्यांचे बोलणे सगळे कान देऊन ऐकतात.

उणिवा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. बायकांच्या मापाचे पाण्यातले बूट इथे मिळत नाहीत. मला पुरुषांचे लहानात लहान माप जाड मोजे घालून वापरावे लागते. फ्लायची विक्रीची निवड तोकडी आहे, कारण स्वतः बांधावी असाच सगळ्यांचा कल आहे; ज्याला बांधण्यात रस नाही त्याची इथे थोडी अडचण होईल. याहून गंभीर गोष्ट सुरक्षेची. माणसांशी आणि माशांशी कसे वागावे यावर जितका वेळ दिला जातो, तितका पाण्यात स्वतःचा जीव कसा सांभाळावा यावर दिला जात नाही. धरणाखालच्या नदीत पाणी अचानक चढते. देवास जिल्ह्यात धाराजी येथे एप्रिल २००५ मध्ये इंदिरासागरातून सोडलेल्या पाण्यात अनेक यात्रेकरू वाहून गेले, हे इंदूरच्या लोकांना वेगळे सांगायला नको. पाणी सोडण्याच्या वेळा विचारून घेणे, भोंगा ऐकताच साहित्य तिथेच टाकून काठावर चढणे, पोहता येत असले तरी जीवनरक्षक जाकीट घालणे, हे प्रत्येक सहलीच्या आधी सगळ्यांना एकत्र उभे करून सांगितले गेले पाहिजे. मी हे काकांकडे बोलले आहे. त्यांनी दोन जाकिटे दुकानात ठेवायला सुरुवात केली आहे, पण सगळ्यांसाठी ती पुरणार नाहीत, आणि या बाबतीत भिडेखातर गप्प राहू नये असे मला वाटते.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. बैठक शनिवारी संध्याकाळी सहानंतर सुरू होते. व्हाइस पाचच असल्याने आदल्या दिवशी फोन करून जागा सांगून ठेवावी. दुकान आधी विकत घ्या आणि मग बसा असा आग्रह धरत नाही, त्यामुळे संच घेण्याआधी दोन-तीन बैठका आणि एक-दोन रविवार सराव करून पाहणेच बरे; सरावासाठी रॉड मिळतो. राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीचा बंद काळ असतो, तेव्हा सहली पूर्ण थांबतात आणि बैठक बुधवारीही भरते, म्हणून फ्लाय बांधायला शिकण्यासाठी पावसाळ्यात जाणे सगळ्यांत सोयीचे. जवळचे पाहण्याचा चष्मा लागत असेल तर तो बरोबर ठेवावा, कारण चौदा नंबरच्या बारीक गळाच्या डोळ्याशी शेवटची गाठ मारताना दिव्याचा उजेड एकटा पुरत नाही.